स्वस्त डाळीचे पाच रुपये : रॉचडेल, नायगाव आणि एसेन

आज आपण राजे, तह आणि लढाया बाजूला ठेवून वाणसामानाच्या दुकानात शिरणार आहोत, आणि तेही स्वस्त दुकानात. वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते. अमुक सुपरमार्केट साखळी तमुक देशात इतकी नवी दुकानं उघडणार, इतक्या हजार लोकांना रोजगार मिळणार. माल स्वस्त आणि नोकऱ्या जास्त, दोन्ही आनंदाच्या गोष्टी एकाच वाक्यात. त्या एकत्र कशा नांदतात, हे मात्र बातमी सांगत नाही. डाळ बाजारभावापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त मिळाली, तर ते पाच रुपये कोणीतरी सोडलेले असतात. मधल्या दलालाने सोडले, मालकाने सोडले, काउंटरवरच्या मुलीच्या पगारातून गेले, की आपणच पिशवी घेऊन रांगेत अर्धा तास उभे राहून ते भरले? आजचं व्याख्यान म्हणजे या पाच रुपयांचा शोध आहे. तो वडाळ्यातूनच सुरू करायचा, कारण त्याचं एक मोठं प्रकरण इथून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं.

वडाळ्याहून गं. द. आंबेकर मार्गाने परळच्या दिशेने निघालं की नायगाव लागतं. रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते आंबेकर म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे पुढारी. याच रस्त्यावर बॉम्बे डाईंगची स्प्रिंग मिल होती. आता तिच्या जागेवर टॉवर आहेत. जवळच नायगावच्या बीडीडी चाळी, १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या ४२ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, माणसं मावतील तितकी. त्यांच्या पुनर्विकासाचं काम सध्या सुरू आहे. आणि याच वस्तीत अपना बाजार. मुंबईकराला हे नाव सांगावं लागत नाही, पण पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक असतं : मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था. स्थापना १९४८. या नावातला ‘कामगार’ शब्द शोभेचा नाही. तो तिथे का आला हे समजण्यासाठी त्याच्या आधीचं दुकान कसं होतं ते पाहावं लागेल.

गिरणीत पगार महिन्याचा, पण तो हातात पडायचा पुढच्या महिन्याच्या मध्याला. म्हणजे कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला दीड महिना. तोवर खायचं काय? वाण्याकडे वही. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात सापडली. आता वाण्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. प्रत्यक्षात तोही घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर चालत असे, आणि गावी निघून गेलेल्या गिऱ्हाइकाची बाकी त्याच्याच गळ्यात पडत असे. हे नुकसान तो भावात धरायचा. वजनात धरणारेही होते. आणि वहीवर घेणाऱ्याला बोलायची सोय नव्हती. ज्याची बाकी थकलेली आहे तो तराजूकडे बोट कसं दाखवणार? गिरणगावात गरीब माणूस महाग घेत होता याचं कारण एवढं साधं होतं. त्याच्याकडे रोख नव्हती.

यावरचा एक उपाय शंभर वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गिरणगावात सापडला होता. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे, लोकरी फ्लॅनेल विणणारं. तिथल्या २८ जणांनी २८ पौंड भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमध्ये एक दुकान उघडलं. माल किती? लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. गावातल्या दुकानदारांनी चेष्टा केली असणार, कारण हातगाडीवर मावेल इतकाच तो माल होता. मोठे होते ते त्यांचे नियम. व्यवहार रोखीने. भेसळ नाही, वजन पूर्ण. भांडवल कितीही घाला, मत एकच. भांडवलावर व्याज मिळेल, पण मर्यादित. उरलेला नफा वाटायचा तो भांडवलाच्या प्रमाणात नव्हे, तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात.

हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे दोनदा लागणार आहे. यात दुकान बाजारभावानेच विकतं. आपले पाच रुपये वर्षाच्या शेवटी परत येतात, तेही आपण सभासद असलो तर.

रॉचडेलच्या दुकानाने परदेशात शाखा काढल्या नाहीत, पण नियम मात्र जगभर गेले. स्वतःच्या देशात या दुकानांनी मिळून १८६३ मध्ये घाऊक खरेदीची संस्था काढली, आणि ती संस्था मात्र परदेशात गेली. सहकार म्हटलं की आपल्याकडे आवाज जरा हळवा होतो, म्हणून हे सांगायलाच हवं. इंग्लिश आणि स्कॉटिश घाऊक संस्थांनी मिळून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलोनमध्ये आणि पुढे दक्षिण भारतात चहाचे मळे घेतले. लँकेशायरच्या विणकराला शुद्ध आणि वाजवी भावाचा चहा मिळाला. तो चहा खुडणारी मजूर बाई त्या संस्थेची सभासद नव्हती. तिला मत नव्हतं आणि खरेदीवरचा लाभांशही नव्हता. पाच रुपयांचा माग काढताना तो असा एकदम सात समुद्रांपलीकडे निघू शकतो. दुकान मालकाचं असो की सभासदांचं.

हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, आणि तो होता पतसंस्थांसाठी. ग्राहक भांडारांना कायद्याचा नीट आधार मिळाला १९१२ च्या दुरुस्त कायद्याने. तरी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये काही सुशिक्षितांनी १९०४ मध्येच भांडार काढलं होतं. मुंबईत या कल्पनेला धार आली ती युद्धामुळे. २ मे १९४३ ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं, देशातल्या शहरांत सर्वांत आधी. रेशनिंगने कामगाराला एक गोष्ट पहिल्यांदा दाखवली, की भाव ठरवून देता येतो आणि तो सगळ्यांना एकच असू शकतो. मग डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणं उठू लागली. हेतू चांगला होता, नियंत्रणाने काळा बाजार पोसला जातो हा मुद्दाही खोटा नव्हता. पण भाव भडकले, आणि १९४८ सालातच सरकारला नियंत्रणं परत आणावी लागली. अपना बाजारचं स्थापनावर्ष हेच आहे. स्वातंत्र्याला वर्षही पुरं झालेलं नाही, पगार तोच, आणि धान्य रोज वर चाललेलं. अशा वेळी नायगावात ग्राहकांचं सहकारी दुकान उभं राहतं यात नवल वाटायला नको.

पुढची वीस वर्षं या दुकानाला दिल्लीतल्या वाऱ्यांचाही हात लागला. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने ग्राहक सहकारी संस्थांसाठी योजना आणली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, महागाईची भीती पसरली, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत कॅनॉट प्लेसला सुपर बाजार उघडला. मुंबईत त्याच दशकाच्या अखेरीस सहकारी भांडार आलं, आणि अपना बाजारचंही छोट्या दुकानातून मोठ्या, अनेक विभागांच्या भांडारात रूपांतर झालं. एका छपराखाली धान्य, कापड, भांडी. छापील भाव आणि पावती. आज हे सगळं इतकं नेहमीचं झालंय की त्यात काही विशेष वाटत नाही. पण ज्या बाईने आयुष्यभर वहीवर सामान घेतलं, तिला दुकानात शिरून कोणाचं तोंड न बघता, बाकी न आठवता, भाव वाचून वस्तू उचलता येणं ही केवढी मोठी गोष्ट असेल! १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने मुंबईत बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. तेलाचा आणि साखरेचा भाव हे त्या काळचं राजकारण होतं. अपना बाजार त्या राजकारणाच्या मधोमध वाढला.

आता जरा लांब जाऊ, जर्मनीला. पण तिथेही कामगार वस्तीतच.

एसेन हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर. त्याच्या शोनेबेक या खाणकामगारांच्या उपनगरात १९१३ मध्ये आना आल्ब्रेख्त या बाईंनी किराणा दुकान काढलं. नवरा खाणीत काम केलेला, पुढे बेकरीत लागलेला. म्हणजे शोनेबेक आणि नायगाव यांची जात एकच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कार्ल आणि थिओ या दोन मुलांनी दुकान हाती घेतलं. देश उद्ध्वस्त, ग्राहकाच्या खिशात पैसे नाहीत. त्या वेळी जर्मनीत कायद्याने ग्राहकाला जास्तीत जास्त तीन टक्के सूट देता येत असे. इतर दुकानं ती सूट तिकिटांच्या रूपाने देत. तिकिटं चिकटवून साठवायची आणि नंतर पैसे घ्यायचे. ग्राहक सहकारी संस्थांचा वर्षअखेरचा लाभांशही त्याच जातीचा. आल्ब्रेख्त बंधूंनी ती सूट आधीच भावातून कापली. सभासदत्व नको, तिकीट नको, वर्षअखेरची वाट नको. रॉचडेलच्या शेवटच्या नियमाला दिलेलं हे उत्तर होतं, आणि व्यापारी म्हणून ते बिनतोड होतं. ज्या बाईकडे आज पैसे नाहीत तिला डिसेंबरात मिळणारा लाभांश काय कामाचा?

यातून झाली आल्डी, म्हणजे आल्ब्रेख्त आणि डिस्काउंट. दोघा भावांचं दुकानात सिगारेट ठेवावी की नाही यावरून पटलं नाही असं सांगतात, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मनीची उत्तर-दक्षिण वाटणी करून घेतली. मग दुकान परदेशी निघालं. साठच्या दशकातच ऑस्ट्रिया, १९७६ ला अमेरिकेतलं आयोवा, १९९० ला ब्रिटन, २००१ ला ऑस्ट्रेलिया, २०१९ ला शांघाय. २०१७ मध्ये तर आल्डीने ब्रिटनच्या किराणा बाजारात को-ऑपला मागे टाकलं. को-ऑप म्हणजे रॉचडेलच्या विणकरांचे थेट वारस. शोनेबेकच्या दुकानाने टोड लेनच्या दुकानाला त्याच्याच घरी जाऊन हरवलं!

हे स्वस्त कसं होतं, ते पाहिलं की नोकऱ्यांचं कोडं सुटायला लागतं. सुरुवातीच्या आल्डीत वस्तू काही शेच. मोठ्या दुकानात दहा कंपन्यांचे दहा मुरांबे असतात, इथे एक. माल खोक्यातच ठेवायचा, खोक्याचं झाकण फाडलं की झालं शेल्फ. स्कॅनर यायच्या आधी कॅशियरला भाव पाठ असावे लागत. ती बसूनच काम करते, पण तिचा हात थांबत नाही. एका दुकानात माणसं मोजकीच. त्यांना पगार त्या व्यवसायात साधारणपणे बरा दिला जातो, हे मान्य करायला हवं. पण म्हणजे काय झालं? कमी हातांनी जास्त माल विकणं हाच या धंद्याचा गाभा आहे. तेव्हा अशी साखळी जेव्हा म्हणते की आम्ही हजारो नोकऱ्या आणतोय, तेव्हा ती खरंच बोलत असते, फक्त वजाबाकी सांगत नसते. तेवढाच माल आधी जे विकत होते, त्यांच्याकडे किती हात होते?

अमेरिकेच्या वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत प्रवेश केला आणि २००६ मध्ये दुकानं विकून ती परत गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानाला तिथे आल्डीपेक्षा स्वस्त विकता आलं नाही, आणि जर्मन कामगार संघटनांशीही तिचं जमलं नाही. त्यामुळे मोठी साखळी आली की सगळं गिळतेच, असंही नाही.

मग शोनेबेकचं दुकान शांघायला गेलं आणि नायगावचं का गेलं नाही? याचं उत्तर आपण सहसा व्यक्तींमध्ये शोधतो. आपल्याकडे दृष्टी नव्हती, संचालक मंडळात राजकारण होतं वगैरे. असेलही. पण आमच्या मते खरं उत्तर रॉचडेलच्या नियमांत आधीच लिहिलेलं आहे. भांडवलावर मर्यादित व्याज आणि एका माणसाला एकच मत असेल, तर शंभर कोटी घेऊन कोण येणार? नफा सभासदांत वाटून टाकायचा, म्हणजे नवं दुकान बांधायला उरतं थोडं. आल्ब्रेख्त बंधूंनी नफा वाटला नाही, दुकानांत घातला. एकाने सभासद वाढवले, दुसऱ्याने दुकानं. आणि सभासद परदेशात नेता येत नाहीत.

आता परत मुंबईत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते परत गिरणीत गेलेच नाहीत. त्या काळात चूल कशी पेटत राहिली, हे गिरणगावातल्या लोकांनी अनेकदा सांगितलंय : गावाकडून आलेले तांदूळ, बायकांची कामं, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची वही. बघा, गंमत आहे. ज्या वहीतून सुटायला रोखीचं दुकान काढलं, तीच वही पगार थांबल्यावर कामाला आली. रोखीचा नियम शिस्तीचा आहे, पण तो नियमित पगार असणाऱ्यांसाठी आहे. रॉचडेलमध्येही अगदी तळातला माणूस त्या दुकानाबाहेरच राहिला होता.

गिरण्या गेल्या, तसा अपना बाजारच्या पायाखालचा ग्राहकही विखुरला. कोणी डोंबिवलीला, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी गावी. आणि याच उतरत्या काळात एक गोष्ट घडली जी आर्थिक इतिहासात तळटीप म्हणून येते, पण आमच्या मते मजकुरात यायला हवी. शेअर बाजारातले गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. किराणा विकणं म्हणजे काय, ते तिथे पाहिलं. मग २००२ मध्ये पवईला स्वतःचं पहिलं दुकान उघडलं, डी-मार्ट. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून सूट घ्यायची, सजावट बेताची, भाव रोजच कमी. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २९९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ६०० च्या वर उघडला. मार्च २०२५ अखेर ४१५ दुकानं झाली होती, सगळी देशातच. म्हणजे नायगावचं दुकान परदेशात गेलं नाही, पण नेरूळमार्गे पवईला गेलं आणि तिथे त्याचा मालक बदलला. पूर्वी नफा खरेदीच्या प्रमाणात वाटायचा होता, आता तो शेअरच्या प्रमाणात.

नोकऱ्यांचं काय? त्या आल्या, यात वाद नाही. गिरणी कामगारांची नातवंडं आज अशा दुकानांत बिलिंगला बसतात, माल लावतात, दारावर पिशव्या तपासतात. पण कंपनीचेच वार्षिक अहवाल पाहिले तर कंत्राटी माणसं कायम माणसांच्या कितीतरी पट आहेत. ही एकट्या डी-मार्टची गोष्ट नाही, संघटित किरकोळ व्यापारात हेच चालतं. आजोबांना पगार उशिरा मिळायचा, पण गिरणीत त्यांची नोंद होती, युनियन होती, ग्रॅच्युइटीवर हक्क सांगता येत होता. नातवाला पगार वेळेवर बँकेत मिळतो, मात्र तो नक्की कोणाचा नोकर, हे त्याला कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर वाचावं लागतं.

आणि परदेशी साखळ्या इथे आल्या, त्यांचं काय झालं? २०११-१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी देण्यावरून संसद ठप्प झाली होती. वाणिज्यमंत्री आनंद शर्मा एक कोटी नोकऱ्या येतील म्हणत होते, विरोधक कोट्यवधी दुकानदार रस्त्यावर येतील म्हणत होते. दोन्ही आकडे हवेतच राहिले. त्या वाटेने टाटांबरोबर एकटी टेस्को आली. फ्रान्सच्या कारफूरने २०१० मध्ये घाऊक दुकान उघडलं आणि २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. २००३ पासून घाऊक विकणाऱ्या जर्मनीच्या मेट्रोने आपला इथला धंदा २०२३ मध्ये रिलायन्सच्या हवाली केला. वाण्याने सामान घरपोच देणं आणि महिन्याने पैसे घेणं, याला यांच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. ते घरपोच सामान देणारा पोऱ्या मात्र रोजगाराच्या कुठल्याही आकड्यात नव्हता, ना सरकारच्या, ना विरोधकांच्या.

मराठी माणसाचं दुकान परदेशात गेलंच नाही का? गेलं. दातार कुटुंबाने १९८४ मध्ये दुबईत छोटं किराणा दुकान काढलं. धनंजय दातार यांनी त्यातूनच अल अदील ही साखळी उभी केली. पण तिचं गणित वेगळं आहे. ती स्वस्ताईवर चालत नाही, आठवणीवर चालते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांचा भाव दुबईत कोण घासून विचारतो?

आजची वेळ संपत आली. उधारीचा धागा आपण मध्येच सोडला आहे, तो पुढच्या व्याख्यानात उचलू. तेव्हा दुकान सोडून खानावळीत जायचं आहे. गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवायला घालणाऱ्या बायका, त्यांची स्वतःची सावकारी कर्जं, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ. ज्यांच्या घरी अशा खानावळींच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या जरूर घेऊन याव्यात. आता प्रश्न घेऊ.